बंदी हवी तर कायद्याची हवी

अमेरिकेतील टिकटॉकचे प्रकरण २२ जानेवारी २०२६ रोजी मिटले, निदान मिटल्यासारखे झाले. टिकटॉकच्या तेथील कारभारासाठी त्या दिवशी नवी संयुक्त कंपनी उभी राहिली. ओरॅकल, सिल्व्हर लेक आणि अबुधाबीची एमजीएक्स या तिघांकडे प्रत्येकी १५ टक्के हिस्सा आला आणि मूळ चिनी मालक बाइटडान्स हिच्याकडे १९.९ टक्के उरला. अमेरिकी कायद्याने घातलेली मर्यादा २० टक्क्यांची होती. मधला ०.१ टक्का किती मोजूनमापून ठेवला असेल, ते व्यवहार जाणणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

हा विषय अग्रलेखासाठी घेतला तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी विचारले, "अहो, आपल्याकडे ते २०२० सालीच बंद झाले. अमेरिकेने पुढे त्याचे काय केले याच्याशी दांडिया बाजारातल्या माणसाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. संबंध असा, की एकाच धोक्यावर दोन लोकशाही देशांनी दोन निरनिराळ्या वाटांनी उपाय केला. आपल्या सरकारने जी वाट धरली ती जवळची होती, जलद होती आणि लोकांना आवडलीही. परंतु त्या वाटेवर नागरिकाला काहीच दिसत नाही, आणि ती केवळ चिनी ॲपपुरती बांधलेली नाही.

आधी धोक्याविषयी. तो काल्पनिक होता असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याप्रमाणे तेथील प्रत्येक संस्थेने व नागरिकाने सरकारच्या गुप्तचर कामात साहाय्य करावयाचे असते. तेव्हा 'आम्ही माहिती देणार नाही' या बाइटडान्सच्या शब्दाला किती वजन द्यायचे हा प्रश्न उरतोच. त्यातच डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द बाइटडान्सनेच कबूल केले, की तिच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांची टिकटॉकवरील माहिती चोरून पाहिली होती. कंपनीतल्या बातम्या बाहेर कशा फुटतात ते त्यांना शोधायचे होते. आपला मुलगा रात्री दोन वाजता काय पाहतो, कुठे असतो, कोणाशी बोलतो, हे घरातल्या माणसांपेक्षा ॲपला अधिक ठाऊक असते. अशा कोट्यवधी मुलांची माहिती परक्या सत्तेच्या हाती जाऊ नये, याची काळजी करणे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच आहे.

अमेरिकेने ते कसे केले पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तत्कालीन अध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशाने टिकटॉक व वीचॅट बंद करू पाहिले. न्यायालयांनी हात धरला. टिकटॉकच्या बाबतीत तर, माहिती व विचारांची देवाणघेवाण अशा आदेशाने रोखण्याचा अधिकार तुम्हांला कायद्याने दिलेलाच नाही, असे ऐकवले. पुढे बायडेन यांनी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला. मग काम संसदेकडे गेले, जेथे ते मुळातच जायला हवे होते. मार्च २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहात ३५२ विरुद्ध ६५ मतांनी विधेयक संमत झाले. नंतर ते युक्रेन-इस्रायलच्या मदतीच्या मोठ्या गाठोड्यात बांधून सिनेटमधून काढण्यात आले (ही पळवाट आम्हांस आवडली नाही, तेही नोंदवून ठेवतो) आणि २४ एप्रिल २०२४ रोजी त्यावर बायडेन यांची सही झाली.

तो कायदा कोणालाही वाचता येतो. शत्रुराष्ट्रे कोणती ते त्यात ठरलेले आहे : चीन, रशिया, इराण व उत्तर कोरिया. नियंत्रण म्हणजे काय याची व्याख्या आहे. बाइटडान्स व टिकटॉक यांची नावे आहेत. २७० दिवसांची मुदत आहे, आणि विक्रीची बोलणी खरोखरच पुढे सरकली असतील तर अध्यक्षांना एकदाच ९० दिवस वाढवून देता येतात. दंड आहे तो ॲप पुरवणाऱ्या दुकानांना आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना, दर वापरणाऱ्यामागे ५,००० डॉलरपर्यंत. ज्याच्या मोबाईलमध्ये ॲप आहे त्या सामान्य माणसाला नाही. कंपनीने कोणत्या न्यायालयात दाद मागावी हेही लिहून ठेवले आहे. कंपनीने ती मागितली. १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल सरकारच्या बाजूने दिला. सरकारने आणलेला गुप्त पुरावा न्यायालयाने विचारातच घेतला नाही, जे उघडपणे मांडले त्यावरच निकाल दिला. कंपनी हरली, पण कशामुळे हरली ते तिला कळले.

इथवर सारे आदर्श वाटते. पुढचा भाग मात्र लाजिरवाणा आहे. १८ जानेवारीच्या रात्री १७ कोटी अमेरिकनांचे टिकटॉक बंद झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले आणि २० तारखेला अध्यक्षपदावर परतलेल्या ट्रम्प यांनी कायद्याची अंमलबजावणीच थांबवली. ज्यांनी २०२० मध्ये बंदी घालू पाहिली तेच २०२४ च्या निवडणुकीत टिकटॉकवर खाते उघडून बसले होते. एकदाच मिळणारी मुदतवाढ त्यांनी एकामागून एक आदेश काढून वर्षभर लांबवली. त्यांच्या महान्यायवादींनी तर ॲपल, गूगलसारख्या कंपन्यांना पत्रे पाठवली, की तुमच्याकडून काही कायदेभंग झालेला नाही. संसदेने केलेला आणि सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेला कायदा एका माणसाने असा खुंटीला टांगून ठेवला. कागदावरचा कायदा उत्तम असून भागत नाही, तो राज्यकर्त्यालाही बांधत असला पाहिजे. तरीही एक फरक राहतो. कायदा मोडला जात आहे हे प्रत्येक अमेरिकनाला दिसत होते, कारण कायद्यात काय लिहिले आहे ते त्याच्यासमोर होते.

आता आपल्याकडे वळू. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनच्या रात्री ५९ चिनी ॲप बंद झाल्याची बातमी आली. टिकटॉक, शेअरइट, यूसी ब्राउझर, वीचॅट आणि आपण पावत्या नि दाखले ज्यावर काढत होतो ते कॅमस्कॅनरसुद्धा त्यात होते. देशभर त्याचे स्वागत झाले. आम्हीही केले, ते लपवण्याचे कारण नाही. सप्टेंबरमध्ये पब्जीसह ११८ आणि नोव्हेंबरमध्ये ४३ ॲपची भर पडली. जानेवारी २०२१ मध्ये पहिली ५९ ॲप कायमची बंद झाली.

हे सारे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली झाले. या कलमाने सार्वभौमत्व, संरक्षण, सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकारला इंटरनेटवरील मजकूर रोखता येतो. कारणे लेखी नोंदवावी लागतात. परंतु २००९ च्या नियमांतील नियम १६ सांगतो, की हा सगळा व्यवहार गोपनीय ठेवावा. म्हणजे कारणे लिहायची, पण दाखवायची नाहीत! लोकांसमोर आले ते एक प्रसिद्धिपत्रक आणि नावांची यादी. कोणत्या ॲपने कोणता अपराध केला, मालकी कितपत चिनी असली म्हणजे ते धोकादायक, आणि काय सुधारले तर परत येता येईल, यांतले काहीच सामान्य नागरिकाला कळले नाही. पब्जी २०२१ मध्ये दुसऱ्या नावाने परत आले, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाले, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. कपडे विकणारे शीन हे ॲप २०२५ मध्ये रिलायन्सच्या माध्यमातून परतले. यामागे सयुक्तिक कारणे असतीलही. परंतु नियम छापलेला नसला, की ज्याची पोहोच वरपर्यंत त्याचे काम झाले, असे लोक म्हणू लागतात, आणि त्यांना खोटे पाडण्याचे साधन सरकारकडेही उरत नाही.

टिकटॉक आपल्याकडे सुमारे २० कोटी लोक वापरत होते. त्यांत नाचगाणी नि पोरखेळ पुष्कळ होता, हे खरे. पण शहरी वर्तमानपत्रांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नसते अशा खेड्यापाड्यांतल्या मराठी मुलांना तेथे पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला. २०२४ चा 'बिग बॉस मराठी' जिंकणारा बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण त्यांतलाच. तो सावरला. ज्यांचे सावरले नाही त्यांचे व्हिडिओ कोठे गेले, ते काढून घेण्यास चार दिवस तरी का मिळू नयेत, हे कोणी विचारले नाही. चीनवर रागावलेल्या देशात ते विचारणे अवघडही होते.

अशा वेळी विचारले नाही म्हणून पुढे काय होते याचा अनुभव आपल्याला आहे. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, डिसेंबर २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्त्या संसदेने जवळपास चर्चेविनाच संमत केल्या. कलम ६९अ त्यांतलेच आणि कुप्रसिद्ध ६६अ हेही त्यांतलेच. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि ते नुसते 'लाइक' केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. बाळासाहेबांविषयी आपल्या मनात काय भावना होत्या ते सांगायला नको. पण ती अटक योग्य होती असे आज कोणी म्हणणार नाही. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केले. ६९अ मात्र टिकले, आणि टिकण्याचे एक कारण न्यायालयाने असे दिले, की त्यात कारणे लेखी असतात, म्हणून त्यांना रिट अर्जाने आव्हान देता येते. आमचा साधा प्रश्न : जो आदेश दाखवतच नाहीत त्याला आव्हान द्यायचे कसे?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी आपल्या गुजरातेत मोबाईल इंटरनेट काही दिवस बंद होते, ते वाचकांना आठवत असेल. तेव्हा आधार होता जमावबंदीच्या कलम १४४ चा. काही ठरावीक संकेतस्थळेच रोखायची तर ६९अ आहे, सगळे इंटरनेट का बंद करता, असे उच्च न्यायालयात विचारले गेले. याचिका फेटाळली गेली. जुन्या वाचकांना यावरून १८७८ चा लिटनचा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आठवल्याशिवाय राहणार नाही. तोही सुरक्षिततेच्याच नावाने आला होता, आणि त्यातही छापखानेवाल्याला न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नव्हती. रिपनच्या काळात तो गेला.

आणखी एक गोष्ट. परकी सत्ता म्हणजे केवळ चीन नव्हे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांत वाडीनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीचे नाव घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के हिस्सा आहे. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिची सेवा बंद केली. भारतात नोंदलेली, पैसे भरणारी, भारतात एकही कायदा न मोडलेली कंपनी; तिच्या कर्मचाऱ्यांना आपलीच ईमेल उघडेना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आली. त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लादले तेव्हा व्हॉट्सॲप सोडा, झोहोचे 'अरट्टै' घ्या, अशी लाट आली. लाट ओसरली आणि बहुतेक जण होते तेथेच राहिले. आपल्या संस्थेचे तरी काय? गणेशोत्सवाची वर्गणी, वधूवर मेळाव्याची माहिती, वैद्यकीय साहाय्याचे निरोप, सारे एकाच अमेरिकी कंपनीच्या दोन ॲपवर चालते. ते एका रात्रीत बंद झाले, मग बंद करणारे आपले सरकार असो वा त्यांचे, तर आपल्या सभासदांपैकी निम्म्यांचे पत्ते आपल्याला ठाऊक नाहीत.

तेव्हा आमची मागणी बंदी उठवण्याची नाही. टिकटॉक परत यावे असा आमचा आग्रह नाही, तसे कोणी समजू नये. परकीय नियंत्रणाखालील ॲपविषयी संसदेने स्वतंत्र कायदा करावा. त्यात नियंत्रणाची व्याख्या असावी. आदेश प्रसिद्ध व्हावा आणि खरोखर गुप्त ठेवण्याजोगा तेवढाच भाग झाकावा. कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. आणि वापरणाऱ्याला आपले लेखन, चित्रे, हिशेब काढून घेण्यासाठी ठरावीक दिवस मिळावेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने यांतले थोडेच साधते. कोणत्या देशात माहिती पाठवू नये हे केंद्राला त्याखाली ठरवता येते; पण स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभाही केंद्राने त्यातच ठेवून घेतली आहे. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणजे कारण देण्यातून सुटका होत नाही, असे एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन या मल्याळी वाहिनीच्या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने बजावले, आणि बंद लिफाफ्यातून पुरावा देण्याच्या प्रथेवरही बोट ठेवले. वाहिनीला जो न्याय लागू तो ॲपला का नसावा?

या आशयाचे निवेदन कार्यकारिणीने तयार केले असून ते आपल्या खासदारांस व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयास पाठवावयाचे आहे. प्रत कार्यालयात ठेवली आहे. सभासदांनी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत वाचून सही करावी. पटत नसेल त्यांनी तसे लिहून द्यावे, तेही सोबत जोडू. सभासदांची पत्ते व दूरध्वनींसह यादी यंदा पुन्हा कागदावर छापण्याचे ठरले आहे. ज्यांनी घर बदलले असेल त्यांनी त्याच वेळी नवा पत्ता नोंदवून जावे.