कडबायंत्राची धार

वाशीम जिल्ह्यांतील शिवार हल्लीं सोयाबीननें व्यापलें आहे. तथापि ज्या घरीं गाईबैल आहेत तेथें ज्वारीचा कडबा आणि तो कापण्याचें हातचक्राचें यंत्र हीं अद्यापि आढळतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं जीं शेतीचीं अवजारें करण्यास आरंभ केला, त्यांत हें यंत्र होतें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर.

यंत्र जड चालूं लागलें कीं घरधनी पातें काढून धारवाल्याकडे धाडतो. तें लखलखीत होऊन येतें, आणि कडबा पुन्हां चिरडतोच! असें कां व्हावें?

विळीचें पातें एकटें कापतें. कात्रीचें तसें नाहीं. तिचीं दोन्ही पातीं एकमेकांस लगटून गेलीं तरच कापड तुटतें. कडबायंत्र हें कात्रीच्या गोत्राचें. हिरवळ कापण्याचें जें यंत्र एडविन बडिंग ह्यानें इंग्लंडांत १८३० सालीं काढलें, तेंही सगोत्रच. फिरतें पातें आणि मुखापाशीं बसविलेली स्थिर पट्टी, ह्या दोहोंच्या सांध्यांत कापणें घडतें. पट्टीची कड झिजून गोल झाली असल्यास पात्याची धार व्यर्थ होय.

म्हणून आम्ही सुचवितों तें असें. प्रथम चक्र बांधावें, मगच पातें सोडावें. धार उतरत्या अंगासच लावावी. सपाट पाठ सपाटच राहूं द्यावी. विजेच्या सहाणेवर पातें तापून निळें पडलें तर त्याचें पाणी उतरलें असें समजावें. यास्तव तें वरचेवर पाण्यांत बुडवावें. पट्टीची कडही सरळ करून घ्यावी. पातें परत बसवितांना दोहोंमध्यें कागदाएवढीच फट दोन्ही टोंकांस सारखी ठेवावी, आणि चक्र हातानें सावकाश फिरवून पाहावें.

हा केवळ वैरणीच्या नासाडीचा प्रश्न नव्हे. धार गेलेल्या यंत्रांत कडबा अडकतो. एक जण चक्र फिरवीत असतां दुसरा तो हातानें आंत रेटतो, आणि क्षणांत बोटें जातात. चक्राशीं कधीं कधीं मुलेंही असतात. बोथट यंत्र धारदार यंत्राहून घातक तें ह्याच कारणानें.

खंडेनवमीस अवजारांस हळदकुंकू वाहण्याची आपली चाल आहे. त्याआधीं एक दिवस ह्या कामास द्यावा. पूजेस मांडलेलें यंत्र निर्दोष असावें, एवढी अपेक्षा वाजवीच आहे.