हवेचाही हिशेब ठेवा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिकांचे मा. आयुक्त आणि मलनिस्सारण विभागांचे मा. मुख्य अभियंते यांस,

विषय : मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतील ब्लोअरचा वीजखर्च



मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड आणि वर्सोवा या सात ठिकाणी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे हाती घेतली आहेत. पुण्यात मुळा-मुठेसाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या अर्थसाहाय्याचा ११ केंद्रांचा, ३९६ दशलक्ष लिटरचा प्रकल्प आहे. ही कामे व्हायलाच हवी होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार आपल्या शहरांतून रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रक्रियेची क्षमता ६,८९० दशलक्ष लिटरची होती. मात्र केंद्र बांधायचा खर्च एकदाच होतो, विजेचे बिल दर महिन्याला येते. त्या बिलाचा साधारण निम्मा, कधी त्याहून मोठा वाटा एकाच कामावर जातो : टाकीत हवा सोडण्यावर.

१९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या शुद्धीकरण पद्धतीचे तत्त्वच आजही चालते. टाकीतले जिवाणू मैला खातात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. तो पाण्यात सहज विरघळत नाही. तीस अंश तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणून टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात. शिवाय गरज वाढतेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला. अमोनियाही काढायचा, तर त्यातल्या एक किलो नायट्रोजनमागे साडेचार किलोहून अधिक प्राणवायू लागतो. वरळी आणि वांद्र्याला आजवर प्राथमिक प्रक्रियेनंतर सांडपाणी समुद्रात दूरवर सोडले जात होते. तिथे जैविक प्रक्रिया सुरू झाली, की आजवर नसलेला वीजभार महापालिकेच्या माथी कायमचा येईल.

यातली बरीच वीज वाया जाते आणि ती कुठे जाते हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक असते. टाकीत विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असला की बहुतेक ठिकाणी पुरतो. तो ४ वर ठेवला तर जिवाणूंचे काम फारसे वाढत नाही, पण हवा जवळपास दीडपट लागते. पहाटे तीनला शहर झोपलेले असते, मैल्याचा भार उतरलेला असतो, तरी ब्लोअर सकाळी आठच्याच जोराने चालतात. हवा कमी करायची तर व्हीएफडी, म्हणजे वेग बदलणारे उपकरण, लावून मोटरचा वेग उतरवायला हवा. त्याऐवजी जादा हवा बाहेर सोडून दिली जाते. तळातून बारीक बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरच्या रबरी पडद्यांवर थर बसतो, छिद्रे बुजतात, ब्लोअरवरचा दाब वाढतो. पडदा फाटला की बारीक बुडबुड्यांऐवजी पृष्ठभागावर मोठी उकळी फुटते, म्हणजे तिथली बरीचशी हवा प्राणवायू न देताच वर येते. ही उकळी काठावरून कोणालाही दिसते.

दुसरा दोष आखणीतला आहे. केंद्र पुढच्या अनेक वर्षांच्या लोकसंख्येसाठी बांधले जाते. प्रदूषण मंडळाच्या त्याच २०२१ च्या अहवालानुसार देशात चालू केंद्रांची क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष वापर २०,२३६. ब्लोअर मोजकेच आणि मोठे घेतले, तर पहिल्या काही वर्षांत त्यांना पुरेसे खाली उतरवताच येत नाही.

समोर दिसणारा हा अपव्यय थांबत का नाही? अनेक ठिकाणी केंद्र ठेकेदार चालवतो आणि वीजबिल पालिका भरते. पाण्याचा नमुना नापास झाला तर दंड त्याला होतो, जादा हवेचे पैसे मात्र करदात्याच्या खिशातून जातात. अशा करारात तो ब्लोअर पूर्ण जोरात ठेवणारच. दोष ठेकेदाराचा नाही, कराराचा आहे.

उलट, बिल ठेकेदारावर टाकून मोकळे होणे त्याहून घातक. मग तपासणीचा दिवस सोडून ब्लोअर बंद ठेवण्याचा मोह होतो आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी नदीत जाते. त्याला बचत म्हणत नाहीत, ती नदीची लूट आहे. मला हवी आहे ती बचत पाण्याचा दर्जा राखून केलेली.

रक्कमही लहान नाही. १०० दशलक्ष लिटरच्या केंद्रात हजार लिटरमागे पाव युनिट वीज धरली, तर रोज २५,००० युनिट होतात. निम्मी हवेवर जाते असे धरा आणि त्यातली चौथाई वाचवा. युनिटला आठ रुपये दराने वर्षाला सुमारे ९० लाख रुपये वाचतात, तेही एका केंद्रात.

म्हणून चार मागण्या करतो.

१. प्रत्येक केंद्रात ब्लोअरसाठी स्वतंत्र वीजमीटर बसवा. काढलेल्या प्रत्येक किलो बीओडीमागे किती युनिट लागले, हा आकडा पाण्याच्या दर्जाच्या आकड्यांसोबत दर महिन्याला जाहीर करा. नुसते प्रति लिटर युनिट पुरेसे नाही, कारण पावसाळ्यात पातळ सांडपाणी आले की तो आकडा फसवतो.

२. नव्या निविदांत बांधकामाच्या किमतीसोबत करारकाळातील विजेचाही खर्च धरूनच सर्वांत स्वस्त बोली ठरवा. कमी भारावर काम करतील असे लहान-मोठे ब्लोअर मागा.

३. हमी दिलेल्या युनिटपेक्षा वीज वाचली तर त्यातला वाटा ठेकेदाराला द्या, जास्त लागली तर वसूल करा. मात्र सतत मोजला जाणारा पाण्याचा दर्जा त्या महिन्यात घसरला, तर बचतीचा एक रुपयाही देऊ नका.

४. जुन्या केंद्रांचे ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्या. डिफ्युझरची सफाई व बदली, डीओ मीटरची नियमित पुसणी व तपासणी यांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद ठेवा. मीटरच चुकीचा आकडा दाखवत असेल, तर महागडी स्वयंचलित यंत्रणाही चुकीचीच हवा सोडेल.

यातले काहीही नवे संशोधन नाही. यंत्रे बाजारात मिळतात, जाणकार अभियंते आपल्याच विभागांत आहेत. त्यांना हवा आहे तो आपला लेखी आदेश आणि त्यामागे ठाम उभा राहणारा आयुक्त. वीज महाग पडते म्हणून प्रक्रिया बंद ठेवावी लागली, असे कारण उद्या कोणत्याही महापालिकेला देता येऊ नये. त्यासाठी आपण ब्लोअरच्या मीटरचा आदेश याच महिन्यात काढावा, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक पर्यावरण अभियंता