म्हणे, इंग्रजांचा न्याय चोख होता!

मागच्या शनिवारी नगरला गेलो होतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) दिल्लीगेटजवळ चहा घेताना आमचे एक काका म्हणाले, "काही म्हण, इंग्रजांच्या काळात न्याय मात्र चोख होता!" पुण्याला येईपर्यंत एस्टीत हेच डोक्यात घोळत होतं. काकांना तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

तर काका, हे बघा सर आर्थर स्ट्रेची. वडील सर जॉन म्हणजे बडं प्रस्थ. १८७२ मध्ये लॉर्ड मेयोंचा खून झाल्यावर काही दिवस व्हाइसरॉयचं काम त्यांनीच पाहिलं. चिरंजीव अलाहाबादेत बॅरिस्टरी करून मुंबई हायकोर्टात न्यायाधीश झाले, आणि १८९७ साली टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला त्यांच्यापुढे आला. कलम १२४-अ मध्ये शब्द होता 'डिसअफेक्शन'. साहेबांनी ज्यूरीला अर्थ सांगितला : प्रेमाचा अभाव! मग त्यात द्वेष, वैर, नावड सगळंच कोंबलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर 'नल' आली की तीच 'एरर' धरा. असा कोड कुणी लिहिला तर आम्ही रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो.

खटल्यातले लेख मराठी. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा म्हणाले दोषी, तीन म्हणाले निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. १८९८ मध्ये सरकारने कलमात दुरुस्ती करून राजनिष्ठेचा अभाव आणि वैरभाव 'डिसअफेक्शन'मध्ये रीतसर घातले, आणि पुढच्याच वर्षी स्ट्रेची अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. बढती त्या निकालामुळेच मिळाली असं मी म्हणत नाही. पण निकालामुळे अडली नाही एवढं तर दिसतंय ना?

"तो गोरा होता रे," म्हणाल. बरं, मग दिनशा दावर घ्या. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी हेच बॅरिस्टर म्हणून भांडले. १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीतून यांनीच जामीन नाकारला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. टिळक मंडालेला गेले. दावर पुढे 'सर' झाले.

आता आपल्या नगरचंच. ३१ मे आणि १ जून १९१६ ला टिळकांनी इथे स्वराज्यावर भाषणं केली. ती आणि बेळगावचं भाषण धरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. वकील बॅ. जिना. ९ नोव्हेंबरला हायकोर्टात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. म्हणाले, भाषण सबंध वाचा, सुटी वाक्यं उचलू नका.

"बघ, मिळाला की न्याय!" म्हणाल. मिळाला, काका, पण खुर्चीवर कोण बसलंय यावर! माणूस तोच, राजद्रोहाचं कलम तेच. ज्या तराजूत दुकानदार बदलला की वजन बदलतं, त्याला तुम्ही बाजारात चोख म्हणता का?

आणि स्ट्रेची १९०१ मध्ये वारले तरी त्यांचा अर्थ वारला नाही. १९४२ मध्ये दिल्लीच्या फेडरल कोर्टाने कलमाला जरा वेसण घातली होती, ती १९४७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सोडून दिली. कोणत्या खटल्यात? सदाशिव नारायण भालेराव. नाव आपलंच!

पुढच्या शनिवारी येतोय काका. चहा माझ्याकडून.