चालती यंत्रे भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. अटींवर थोडी वाढीव मुदत मिळाली खरी, पण ती औटघटकेची. पुढील आवृत्ती जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर चालतच नाही. नांदेड-लातूर जिल्ह्यांतील ज्या शाळेने दहा वर्षांपूर्वी संगणक घेतले, तिने ते ठणठणीत असता मोडीत काढावे, की सुरक्षेवाचून चालवावे? यंत्र आमचे, वीज आमची, आणि यंत्राचे आयुष्य ठरविणार सातासमुद्रापलीकडचा मालक! ही व्यवस्था आम्हांस मान्य नाही.

तिला पर्याय आहे. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. त्यावर उभारलेल्या अनेक प्रणाली जुन्या यंत्रांवर बिनखर्चात चालतात. त्यांची मूळ संहिता कोणासही वाचता येते, सुधारता येते, वाटता येते. घरचे सोयाबीन राखून पुढल्या हंगामात पेरणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास यातील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे अशाच प्रणालींवर शिकवीत आहेत. खुद्द केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते आमच्या तालुक्यांच्या कचेऱ्यांपर्यंत कितपत पोहोचले, हे वाचकच जाणोत.

आम्हांस पैशाहून अक्षरांची चिंता अधिक आहे. युनिकोडपूर्वीच्या मालकी फॉन्टांत जुळविलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडावा तो निरर्थक चिन्हांची रांग! छापखान्यात एक दिवस काढलेला माणूस याची साक्ष देईल. आपलेच लिखाण वाचण्यासाठी दुसऱ्याची किल्ली मागावी लागणे, यासारखी नामुष्की नाही.

‘बिघडले तर दुरुस्त कोण करणार?’ हा आक्षेप रास्त आहे. परंतु नांदेडात श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील विद्यार्थ्यांस बंद पेटी उघडता येत नाही. उघडी संहिता मात्र ते शिकतील आणि दुरुस्तही करतील. काही सरकारी व हिशेबी कामांस विंडोजच लागते, हे आम्ही नाकारीत नाही. त्यासाठी कचेरीत एखादे यंत्र ठेवावे. मुलांच्या खोलीत त्याचे काय काम?

दोन्ही जिल्हा परिषदांनी नव्या खरेदीची निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील एका शाळेत, आहे त्याच यंत्रांवर, हा प्रयोग करावा आणि त्याचा हिशेब जनतेपुढे मांडावा.