गदा भाड्याने कशाला?

गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये नाटक ठरलं की पहिला प्रश्न येतो, "ड्रेपरी कुठनं आणायची?" स्क्रिप्ट अजून कुणी वाचलेली नसते, पण डोईवर वर्गणी किती हे ठरलेलं असतं. गेल्या वर्षी आकडा ऐकून आमच्या विंगमधला एक जण "मला सबमिशन आहे" म्हणत उठून गेला. आमच्यात सगळ्यात दणदणीत आवाज त्याचा. सबमिशन काय, सगळ्यांनाच होतं.

त्याच्या आदल्या वर्षी भाड्याच्या मुकुटाचे दोन मणी गळले, तर दुकानदाराने डिपॉझिटमधून एवढे पैसे कापले की तेवढ्यात नवीन मुकुट आला असता. तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. कपडे खुशाल भाड्याने आणा, धोतरं-शेले शिवत बसायला कुणाला वेळ आहे? पण शस्त्रं, मुकुट, दागिने हॉस्टेलवरच बनवायचे, असा नियमच कमिटीने करावा.

हे मी नुसतं बोलत नाही. भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धासाठी आम्ही दोन गदा बनवल्या. पूर्वी असल्या कामाला थर्माकोल असायचा, पण २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. म्हणून मग जुनाच रस्ता धरला : फुगा, रद्दी आणि मैद्याची खळ. खळ शिजवायला राजारामपुरीतल्या आमच्या मेसच्या काकूंनी एक जुनं पातेलं दिलं. "चिमूटभर मोरचूद घाला, नायतर उंदरं खातील. आणि ते पातेलं परत माझ्याकडं आणू नका," एवढं बजावूनच. (मोरचूद विषारी असतो, हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.)

रद्दीच्या पट्ट्या खळीत बुडवून फुग्यावर आडव्या-उभ्या चिकटवायच्या. दोन थर झाले की वाळवायचं, मग पुढचे दोन. असे सहा थर. घाई केली की आत ओल राहते आणि गदेला बुरशीचा वास मारतो. सगळं कडक वाळलं की फुगा फोडायचा.

पहिली गदा आम्ही पाईपच्या टोकावर नुसती फेव्हिकॉलने बसवली होती. तालमीत भीमाने गरगर फिरवली आणि गोळा सुटून थेट पहिल्या रांगेत! हातात नुसता पाईप घेऊन भीम उभा. फिरवताना सगळा ताण मानेवर येतो, हे आम्ही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात लिहून आलो होतो. मी तर एटीकेटीमुळे दोनदा. तरी कळलं ते त्या दिवशी. दुसऱ्या खेपेला पाईप गोळ्याच्या आरपार घातला, वरच्या टोकाला कळस केला, मानेवर सुतळी गुंडाळली आणि तिच्यावर परत कागदाचे थर दिले. ती गदा शेवटपर्यंत हलली नाही.

रंगाचंही तसंच. नुसता सोनेरी रंग मारला तर खेळण्यातली वाटते. आधी गेरू, त्यावर सोनेरी, आणि खाचांत थोडा काळा ठेवायचा. जवळून बघितली तर ओबडधोबड आहे, पण प्रेक्षक बसतो पंधरा-वीस फुटांवर! पाईपचा तुकडा प्लंबरकडून फुकट मिळाला. दोन्ही गदांचा खर्च एका गदेच्या भाड्याएवढाही आला नाही.

खरं तर कोल्हापुरात हे सांगायला लागावं याचंच वाईट वाटतं. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. पण दामल्यांना हाताशी धरून त्यांनी इथेच सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो काढायला लावला. त्या कॅमेऱ्याचं स्मारक खरी कॉर्नरला आहे. आपण त्याच्या शेजारून गाडी दामटत ड्रेपरीवाल्याकडे जातो.

काही जण म्हणतील, परीक्षा तोंडावर असताना लगदा कोण मळत बसणार? पण गणपतीत राजारामपुरीच्या गल्ल्यांत देखावे बघत आपण रात्र-रात्र फिरतोच की. त्या मंडळांतली पोरंही दिवसभर कॉलेज नाहीतर नोकरी करूनच राबत असतात. वेळ निघतो. अडचण जागेची आहे. लगद्याने खोली घाण होते आणि रेक्टर सरांचा ओरडा खावा लागतो, ते बिचारेही बरोबरच. त्यामुळे सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला विनंती, की गॅदरिंगच्या आधी आठवडाभर संध्याकाळी दोन तास वर्कशॉपचा एक कोपरा उघडा ठेवा. मशीनला आम्ही हात लावत नाही. एक टेबल, पंखा आणि करवत पुरे.

आणि उठून गेलेल्या त्या मित्राचं. तो आमच्याकडून अभ्यासाची वही मागायला आला आणि पट्ट्या फाडायला बसला. वर्गणीचा विषय परत निघालाच नाही. दुर्योधन त्यानेच केला.

दोन्ही गदा सध्या माझ्या कपाटावर आहेत. कुणाला पाहिजे असतील तर घेऊन जा. डिपॉझिट नाही.