जरा आत सरका

मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या माणसाच्या शब्दकोशात ‘भरलं’ हा शब्द नसतो. सकाळी नऊच्या सुमारास बोरिवलीहून सुटलेल्या लोकलच्या दारात एका पायावर उभा असलेल्यालाही कांदिवलीला कोणीतरी ‘जरा आत सरका’ म्हणतं, आणि तो सरकतो. हे या शहराचं औदार्य आहे. इथे कोणी आपली इंचभर जागा देतं म्हणूनच दुसऱ्याला कामावर वेळेत पोचता येतं.

पण हाच संस्कार आपण सुट्टीत समुद्रावर घेऊन जातो, आणि तिथे त्याचा अर्थ बदलतो. प्रवाळाच्या खडकावर आणखी एका होडीला जागा करून देताना आपण आपली जागा सोडत नसतो. आपण दुसऱ्याची जागा वाटत असतो, आणि त्या दुसऱ्याला बोलता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या समुद्री सहलीला जाहीर केलेला आणि पाळला जाणारा माणसांचा आकडा नाही, तिला ‘निसर्ग पर्यटन’ म्हणणं आपण थांबवलं पाहिजे. तिला जलक्रीडा म्हणा, जत्रा म्हणा. आणि ही सुरुवात मालवणपासून व्हायला हवी, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा समुद्राच्या पोटातला पहिला फेरफटका तिथेच होतो.

अंधेरीतल्या माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जी स्वप्नं बघितली जातात, त्यात हल्ली लहान जहाजाची सफर बरीच वर आहे. मोजकेच प्रवासी, इंडोनेशियातला राजा अंपात किंवा इक्वेडोरचा गालापागोस, दिवसातून दोनदा स्नॉर्केलिंग, सोबत प्राण्यापक्ष्यांची माहिती सांगणारा जाणकार, आणि जाहिरातीत हटकून ‘अस्पर्श बेटं’. बेट अस्पर्श आहे असं सांगून तिथे नेण्याचे पैसे घ्यायचे, यातला विनोद कोणाला दिसत नाही. भाव काही लाखांत असतो. ज्यांना तो झेपतो ते जातात. उरलेले शुक्रवारी रात्री बोरिवलीहून सुटणारी खासगी बस धरून मालवण गाठतात. स्वप्न तेच, फक्त आवृत्ती स्वस्त.

आता मालवणमध्ये नेमकं काय आहे ते पाहू. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग याच पाण्यात उभा आहे, आणि त्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो प्राणी आहे. हजारो इवलेसे जीव एकमेकांना चिकटून चुन्याचं घर बांधतात. त्यातले गोलाकार, घट्ट प्रकार वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. एका लाथेने तुटलेला हातभर तुकडा परत यायला एका माणसाचं बालपण आणि तारुण्य जातं. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे खडक बांधणारे प्रवाळ आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी प्रवाळ वाघाच्या पंगतीत बसतो.

मग वाघाला जे मिळतं ते प्रवाळाला का मिळू नये? ताडोबाला जायचं तर महिनोन्महिने आधी बुकिंग करावं लागतं. प्रत्येक गेटवरून किती जिप्सी आत जाणार हे ठरलेलं असतं. जिप्सीत किती माणसं हेही ठरलेलं असतं. मंगळवारी जंगल बंद, पावसाळ्यात गाभा बंद. ‘जागा नाही’ हे उत्तर आपण तिथे निमूट ऐकून घेतो. वाघासाठी आपल्याला रांगेत उभं राहता येतं. प्रवाळ मात्र आपल्याला लागलीच, आज, अकरा वाजता हवा असतो.

मी मालवणच्या पाण्यात दोनदा उतरलो आहे. दोन्ही वेळा मला लाइफ जॅकेट मिळालं, मास्क मिळाला, व्हिडिओ किती मिनिटांचा मिळेल हेही सांगितलं गेलं. आज या खडकावर किती जण उतरणार आहेत, हे सांगणारी पाटी कुठे दिसली नाही. खडकाला पाय लावू नका, असं पाण्यात उतरण्यापूर्वी कोणी सांगितलं नाही. पाण्याखाली एका हाताने ब्रेडचा चुरा सोडला जात होता, मासे झुंबड करत होते आणि दुसऱ्या हातातला कॅमेरा चालू होता. खडकावरचे बरेच मासे शेवाळ खातात. ते खातात म्हणून खडक साफ राहतो आणि नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते. त्यांना ब्रेडची सवय लावणं म्हणजे सफाई कामगाराला रोज लग्नाच्या पंगतीला बोलावणं. व्हिडिओ छान येतो, झाडू मात्र पडून राहतो.

एका होडीवाल्या काकांना मी विचारलं, एवढ्या होड्या एकाच जागी कशा? ते म्हणाले, “आमी नाय म्हटला तर बाजूचो होय म्हणतलो.” या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. एकट्याने संयम पाळला तर त्याचं पोट मारलं जातं आणि खडक तरीही वाचत नाही. म्हणून आकडा एकेकट्याच्या विवेकावर सोडता येत नाही. तो सगळ्यांसाठी एकदम ठरावा लागतो.

यावर हमखास येणारं पहिलं उत्तर: लोकांनी पाहिलं तरच त्यांना प्रेम वाटेल, आणि प्रेम वाटलं तरच ते जपतील. ऐकायला गोड आहे. पण तसं होताना दिसतं का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अंदमानच्या प्रवाळाचे व्हिडिओ टाकणारी मंडळी मला ठाऊक आहेत. वर्सोवा ते भाईंदर सागरी मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीच्या झाडांना झळ बसणार ही बातमी त्याच ग्रुपवर आली, तेव्हा चर्चा एकाच गोष्टीची झाली: प्रवासाची किती मिनिटं वाचणार. माशांची पिल्लं त्याच खारफुटीत वाढतात, हे कोणाच्या गावीही नव्हतं. ही माणसं वाईट नाहीत. त्यांनी समुद्र पाहिला आहे, फक्त त्या पाहण्याने त्यांच्याकडून काहीच मागितलं नाही. ना वाट पाहणं, ना शिकणं, ना नकार ऐकणं. जे फुकट मनासारखं होतं त्याचं प्रेम जडत नाही, सवय जडते.

आणि पाहण्यानेच प्रेम जडणार असेल, तर त्यासाठी पाचशे किलोमीटर जायची गरज काय? जुहूच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला पाणी मागे सरकलं की प्रवाळाचे चुलतभाऊ शोभणारे जीव, स्पंज, समुद्री गोगलगायी उघड्यावर दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे दाखवतो आहे. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना आपल्या शहरात प्रवाळ आहे हेच पहिल्यांदा कळलं.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: स्थानिकांच्या पोटाचं काय? हा प्रश्न अंधेरीत बसून झटकून टाकण्यासारखा नाही. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, त्यामागे मासेमारी बंद होण्याची भीती होती. रापण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आधीच जेरीस आणलं होतं. अशा वेळी पर्यटकांची होडी हा त्याच्यासाठी चैनीचा नव्हे, तगून राहण्याचा धंदा आहे. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच आकडा हवा. खडक हे त्याचं भांडवल आहे, आणि आकडा नसेल तर आपण ते भांडवल त्याच्या डोळ्यांदेखत खाऊन पुढच्या किनाऱ्याकडे वळणार आहोत. आपल्याला गोवा आहे, अंदमान आहे. त्याला दुसरं मालवण नाही. मर्यादा आली तर फेऱ्या पाळीपाळीने वाटून घेता येतात, एकमेकांचे भाव पाडण्याची शर्यत थांबते, आणि एका फेरीचे नीट पैसे मिळतात.

आणि ‘बंद’ ही कल्पना कोकणाला परकी आहे असं कोणी सांगू नये. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणारी होडी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच जाळं टाकण्याची रीत कोणत्याही सरकारी अधिसूचनेपेक्षा जुनी आहे. समुद्राला विश्रांती लागते हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. शिकायचं आहे ते आपल्याला, शनिवार-रविवार घेऊन येणाऱ्यांना.

तिसरं उत्तर पैसेवाल्यांचं: गर्दी मालवणात असेल, आम्ही तर लहान जहाजाने जातो. लहान असणं म्हणजे निरुपद्रवी असणं नव्हे. मार्च २०१७ मध्ये ‘कॅलेडोनियन स्काय’ हे १०२ प्रवाशांचं जहाज ओहोटीच्या वेळी राजा अंपातच्या खडकावर चढलं. पहिल्या पाहणीनुसार सुमारे १३,५०० चौरस मीटर प्रवाळ त्यात चिरडला गेला. ते प्रवासी पक्षी बघून परतले होते, निसर्गप्रेमीच होते. गालापागोसची गोष्ट वेगळी आहे, पण तिथे जहाजं लहान आहेत ती मालकांच्या सुसंस्कृतपणामुळे नाहीत. १०० हून अधिक प्रवाशांना परवानगी नाही. एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त १६ जण. कोणतं जहाज कोणत्या दिवशी कुठे थांबणार हे राष्ट्रीय उद्यान ठरवतं, आणि त्याच जागी १४ दिवसांच्या आत परत जाता येत नाही. तिथला लहानपणा कायद्याने घडवलेला आहे. जाहिरातवाले तो नंतर विकतात.

श्रीमंत देशांचे चोचले म्हणून हे सोडून द्यायचं असेल, तर आपल्याच अंदमानात बघा. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात. एक चालू असताना दुसरं विश्रांती घेतं. जॉली बॉयला प्लास्टिक नेता येत नाही. थायलंडने २०१८ साली माया बे हा आपला सर्वांत गाजलेला किनारा चक्क बंद केला. तो २०२२ मध्ये उघडला तेव्हा उथळ पाण्यात शार्क परतलेले होते, आणि आता होड्यांना खाडीत शिरता येत नाही.

शेवटचं उत्तर हताशांचं: समुद्र तापतोच आहे, मग होड्यांनी असा काय फरक पडणार? समुद्र तापतो आहे हे खरं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत उष्णतेने प्रवाळ पांढरा पडला, आणि १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं. पण ज्याला ताप आहे त्याला आपण गर्दीत उभं करत नाही. उष्णता मालवणच्या हातात नाही. नांगर कुठे टाकायचा हे आहे.

माझ्या धंद्यात ही गोष्ट बालवाडीची आहे. सर्व्हरची क्षमता ठरलेली असते. त्यापलीकडे विनंत्या येऊ लागल्या की तो ४२९ क्रमांकाचं उत्तर पाठवतो, ज्याचा अर्थ ‘फार झालं, थोड्या वेळाने या’ एवढाच. सगळ्यांना होकार देत बसला, तर थोड्या वेळाने तो कोणालाच काही देऊ शकत नाही. जो इंजिनियर आपल्या ॲपला ही शिस्त दिल्याशिवाय झोपत नाही, तोच शनिवारी मालवणच्या धक्क्यावर ‘भाऊ, अजून चार जणांचं बघा ना’ म्हणतो.

म्हणून मागणी मोजकी आहे. मालवणच्या धक्क्यावर मोठ्या अक्षरांत एक पाटी हवी: आज इतक्या जणांना परवानगी, इतक्या जागा उरल्या. नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधायला कायमचे बोये हवेत. ब्रेड बंद. खडकाचे भाग पाडून त्यातला एक हंगामभर मोकळा ठेवावा. हा आकडा सागरी जीवशास्त्रज्ञांनी आणि मच्छीमारांनी एकत्र बसून ठरवावा, आणि होडीच्या फेऱ्यांवर पहिला हक्क स्थानिकांचा असावा.

हे होईपर्यंत आपल्या हातातही एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी स्नॉर्केलिंगचं बुकिंग करताना, मग ते काही लाखांचं जहाज असो की मालवणची होडी, व्हिडिओ किती मिनिटांचा हे विचारण्याआधी विचारा: एका दिवसात तिथे किती माणसं उतरतात, आणि हा आकडा कोणी ठरवला? उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका. त्या शनिवारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जुहूला जा.