भिंतीवरचा परका बर्फ

सटाण्यातल्या कित्येक दिवाणखान्यांत परक्या डोंगरांवरचा बर्फ टांगलेला दिसतो. का हो? गावालगत आरम नदी, तालुक्यातच १५६७ मीटर उंचीचा साल्हेर! पण साल्हेराखाली कांदे लावणाऱ्या बाया कुणी तैलरंगात रंगवल्या, की आपण नाक मुरडणार: "चेहरे कुठे आहेत? डोंगर असा तांबडा असतो काय?"

अहो, नाकडोळे टिपायला कॅमेरा आहे. दिवसभर वाकलेल्या पाठीचा शीण दाखवायला चित्रकाराचाच कुंचला हवा. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या १९५५ सालच्या 'काटा' या चित्राचा विषय काय, तर पायात रुतलेला काटा! तेवढ्यात सारे शिवार आले.

यंदा घराला रंग द्याल, तेव्हा तो बर्फ उतरवा. आपली माणसे भिंतीवर येऊ द्या, पायाच्या मातीसकट.